आढळले नाही

सेल्वारोसा, ६ ऑक्टोबर १९९०

प्रिय लोरी,

अंत्यविधी आटोपून तू बसने गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी टपालवाल्याने तुझ्या हॉस्पिटलचं पाकीट आणून दिलं. आत एकच कागद, आणि खाली सही कोणाची, तर आमच्या भाचीबाईंची. सख्ख्या मामाला हे तोंडाने सांगता आलं नाही का तुला? की साहेबलोकांत राहून तूही साहेब झालीस?

कागदावर तुझ्या मामीचं, एल्दाचं नाव आहे. पुढे लिहिलंय, नमुना लघवीचा, अळंबीचे विष आढळले नाही. एर्मेस पाद्रीबाबांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, "ओरेस्ते, देवाची कृपा. विष नव्हतं." नेरेओ तिथेच त्याच्या बारच्या फळीवर फडकं मारत होता. तो म्हणाला, "पाद्रीबाबा, माझी सायकल गेली तेव्हा पोलिसांनीही लिहून दिलं होतं, चोर आढळला नाही. म्हणून काय सायकल आपली आपण गेली?" तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. 'आढळले नाही' म्हणजे 'नव्हते' का गं?

तू घरचीच आहेस, तरी सगळं सांगतो, म्हणजे तुला विचार करायला बरं. एल्दाच्या वाढदिवसाला मी रानात गेलो होतो. यंदा पावसाने तोंड दाखवलं नव्हतं, अळंबी रुसलेली. चेस्टनटच्या झाडांखाली माझी जी जागा आहे, जी मी मरायला टेकल्यावरच तुला सांगणार आहे, तिथे जेमतेम चार-पाच अंडी मिळाली. बंद अंडी, म्हणजे सालीतून डोकं बाहेर न काढलेली कोवळी अळंबी. एल्दाला तीच लागतात, कच्ची. अंडं रानात कापायचं नाही, ताटावरच कापायचं, नाहीतर त्याचा वास उडतो, हे मला माझ्या बापाने शिकवलं. कापलं की आत पिवळं दिसलं पाहिजे. एल्दाने पातळ चकत्या केल्या, लिंबू पिळलं, वर चीज किसलं. एका माणसापुरतंच झालं, म्हणून मी सगळं तिच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मग तिला बरं वाटलं, उठून अंगणही झाडलं. मग पिएरिना बहिणीला भेटायला आली आणि म्हणाली, एल्दा, तुझे डोळे पिवळे झालेत. माझ्या तर ते लक्षातही आलं नव्हतं. नेरेओच्या गाडीतून तिला तुमच्याकडे आणलं, त्यापुढचं तू पाहिलंसच.

मला तोंडावर कोणी काही म्हणत नाही. पण मी बारमध्ये शिरलो की अळंबीचा विषय बंद होतो. पिएरिनाने स्मशानात माझा हात हातात घेतला नाही. मी अळंबी आणली आणि माझी बायको गेली. मधलं जे काही असेल ते तुझ्या यंत्राला ठाऊक. तर सांग.

तुझा
ओरेस्तेमामा


पादोव्हा, १४ ऑक्टोबर १९९०

प्रिय मामा,

ते पाकीट मी नाही, ऑफिसने पाठवलं. मी सांगणार होते. पण तुझा हात धरून मामीच्या शवपेटीपाशी उभी असताना लघवीच्या नमुन्याबद्दल काय बोलणार होते?

आता नीट सांगते. आम्ही नमुना गाळतो, साफ करतो आणि त्यातला थेंबभर यंत्रात सोडतो. पंप त्याला एका पोलादी नळीतून पुढे ढकलतो. नळीत इतकी बारीक भुकटी ठासलेली असते की प्रत्येक पदार्थ तिला आपापल्या परीने चिकटतो. कोणी लवकर सुटतो, कोणी उशिरा. अळंबीचं विष म्हणजे एक पेप्टाइड आहे, प्रथिनाचा लहानसा तुकडा, आठ मण्यांची माळ दोन्ही टोकं जोडून ठेवावी तसा. त्यातला एक मणी विजेच्या बाबतीत उदार आहे. नळीच्या तोंडाशी कार्बनची एक चकती असते. तिच्यावर जरासा विजेचा दाब ठेवला की तो मणी आपल्याकडची वीज तिला देऊन टाकतो आणि कागदावरचं पेन वर उचललं जातं. रेघेवर टेकडी उमटते. ती ठरल्या वेळी उमटली तर विष आहे, आणि जितकी उंच तितकं जास्त. चमचाभर लघवीत मिठाच्या कणाचा हजारावा भाग विष असलं तरी हे यंत्र ते पकडतं.

मामीच्या नमुन्यात ती टेकडी नव्हती. त्या जागी रेघ सपाट होती. मामीला आणलं ते उशिरा, हे खरं आहे. पण असली कावीळ विषाणूनेही होते, आणि तिचं यकृत आधीपासून नाजूक होतं असं डॉक्टरही म्हणाले. पाद्रीबाबांचं ऐक आणि नेरेओचं सोडून दे. तुझ्या अळंबीचा दोष नव्हता. पिएरिनामावशीला हे पत्र खुशाल दाखव.

मला काळजी वेगळीच वाटते. मामीचे डोळे इतके पिवळे झाले होते की दारातून दिसत होते, आणि तुझ्या ते लक्षात आलं नाही? हिवाळा संपला की इथे ये. मी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवते. नाही म्हणायचं नाही.

तुझी
लोरी


सेल्वारोसा, २० डिसेंबर १९९०

प्रिय लोरी,

तुझ्या पत्राची घडी आता फाटायला आली आहे. आधी पिएरिनाकडे गेलो. तिने दारातच उभं राहून वाचलं, दोनदा वाचलं, मग म्हणाली, "आत ये, थंडी आहे." त्या दिवसापासून दर गुरुवारी ती भाज्यांचं सूप घेऊन येते. मीठ कमी घालते, पण मी बोलत नाही. नेरेओच्या बारमध्ये तर मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, आठ मण्यांच्या माळेसकट. नेरेओ म्हणाला, "सरकारने असं यंत्र सायकलींसाठी का नाही केलं?" सगळे हसले. मीही हसलो. एल्दा गेल्यापासून पहिल्यांदा.

लोरी, तू काय केलंस ते तुला कळायचं नाही. मी ताटावर बसलो की तो वाढदिवस समोर यायचा. आता जेवतो. रात्रीही झोप लागते, बहुतेक रात्री.

एक गोष्ट तुला विचारायची होती. पण जाऊ दे, विचारून काय होणार? सोबत चेस्टनटची पिशवी पाठवतो आहे. काही भाज, काही उकड, आणि तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या सरांना देऊ नकोस, बाजारातले खाऊ दे त्यांना.

डोळ्यांचं म्हणशील तर मी येईन. सूर्य सध्या जुन्या लोण्यासारखा दिसतो.

तुझा
मामा


पादोव्हा, ५ मे १९९१

प्रिय मामा,

रागावलास का? दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी काढली आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळीच बस पकडलीस. आठवडाभर राहायचं ठरलं होतं. मी तुझ्यासाठी कॉड मासा भिजत घातला होता, तो मी एकटीने तीन दिवस खाल्ला. त्या सकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात बशी हातात घेऊन उभा होतास. मी विचारलं काय झालं, तर म्हणालास काही नाही. डोळे दुखतात का? औषध टाकतोस ना?

मी कामात बुडाले आहे. अमेरिकेहून यंत्राची नवी पेटी आली आहे. जुन्या यंत्रात कार्बनची चकती एकच होती, आता एकापाठोपाठ दोन आहेत. पहिली सगळा कचरा जाळून टाकते, दुसरी हवं तेवढंच वाचते. रेघ अशी शांत येते की पाहत राहावं. त्यात द्रावणातली हवा आधी हेलियमने हाकलून लावली तर आणखीच फरक पडतो, आणि नळी जरा गरम ठेवली तर टेकड्या एकमेकींपासून चांगल्या सुट्या होतात. सरांना यावर लेख लिहायचा आहे. गोठवून ठेवलेले जुने नमुने नव्या पेटीवर पुन्हा चालवायला सांगितलं आहे त्यांनी. बरेच आहेत. बघू.

पत्र पाठव, दोन ओळींचं का होईना.

तुझी
लोरी


सेल्वारोसा, १६ जून १९९१

प्रिय लोरी,

रागावलो नाही. डोळे उत्तम आहेत, तुझ्या डॉक्टरांना सांग. इतके उत्तम की पंचाईत झाली आहे.

तुझ्या स्वयंपाकघरातली बशी पांढरी होती. मी वर्षानुवर्षं तुझ्याकडे येतो, त्या बशा मला पिवळसर वाटायच्या. मनात म्हणायचो, पोरीला रंगाची निवड नाही. घरी आलो तर आमच्या भिंती पांढऱ्या. एल्दाचे टेबलक्लॉथ पांढरे. शेवटची दोन-तीन वर्षं मी तिला म्हणत होतो, तुझी धुलाई आता पहिल्यासारखी राहिली नाही, चादरी पिवळ्या पडल्यात. ती पुन्हा उकळत्या पाण्यात टाकायची. नीळ घालायची. मी म्हणायचो, अजून पिवळ्याच. परवा कपाट उघडलं आणि सगळ्या चादरी बर्फासारख्या. मी कपाटासमोर पलंगावर बसलो आणि रडलो, लपवत नाही तुझ्यापासून. तिला बिचारीला किती धुवायला लावलं मी.

डॉक्टर म्हणाले होते, मोतिबिंदू चढत जातो तसं माणूस पिवळ्या काचेतून बघायला लागतो आणि त्याला पत्ता लागत नाही. मी विचारलं, कधीपासून असेल? ते म्हणाले, चार-पाच वर्षं तरी.

गावात विशेष काही नाही. सप्टेंबरमध्ये मरियामातेच्या जन्माचा सण रविवारी येतोय, त्यामुळे यंदा चौकात मोठं जेवण आहे. पाद्रीबाबा म्हणतात, ओरेस्ते, तुझी अंडी हवीत, दुसऱ्या कोणाच्या जागेवर मिळत नाहीत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझी ती नवी पेटी किती बारीक गोष्ट पाहू शकते? जुन्यापेक्षा बरीच बारीक?

तुझा
मामा


पादोव्हा, १८ ऑगस्ट १९९१

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. सुट्टीवर गेलेल्यांचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

नव्या पेटीचं म्हणशील तर ती जुन्यापेक्षा बारीक पाहते, पण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं. द्रावणाचा आंबटपणा किती, चकती किती स्वच्छ, दाब किती ठेवला. चकतीवर मळ बसला की ती आंधळी होते, मग तिला पॉलिशच्या भुकटीने घासावं लागतं. शिवाय लघवीत इतर असंख्य पदार्थ असतात. एखाद्याने साधी तापाची गोळी घेतली असली तरी एवढी मोठी टेकडी येते की शेजारचं काही दिसत नाही. त्यामुळे असं सरळ सांगता येत नाही.

तू सणासाठी रानात जाऊ नकोस. तुझे गुडघे दुखतात. डोळ्यांना अजून धूळ लागता कामा नये. बंद अंडी तोडायला बंदी येणार अशीही बातमी आहे, उगाच वनरक्षकाने अडवलं तर या वयात शोभा होईल. पाद्रीबाबांना सांग, बाजारातून मोठी उघडी अळंबी आणा आणि शिजवा. लोकांना काय, वाइन असली म्हणजे झालं.

चादरींचं वाचून मलाही रडू आलं. तू जे मनाला लावून घेतो आहेस ते लावून घेऊ नकोस.

तुझी
लोरी


सेल्वारोसा, १ सप्टेंबर १९९१

प्रिय लोरी,

तू माझी भाची की वनरक्षकाची? गुडघे माझे, डोळे तुझ्याच डॉक्टरांनी धुऊन दिलेले, आणि बंदी अजून यायची आहे.

तुला लहानपणापासून पाहतो आहे. माझी बरणी फोडलीस तेव्हा तू मला काच कशापासून बनते ते सांगत होतीस. खोटं बोलायला लागलीस की तू शास्त्र सांगतेस. यावेळच्या पत्रात शास्त्र फार आहे.

मी पाद्रीबाबांना हो म्हटलं आहे. शनिवारी पहाटे रानात जाणार. यंदा पाऊस चांगला झालाय, टोपलीभर अंडी मिळतील. रविवारी पिएरिना चकत्या करील, सगळ्या गावाला ताटात ताजं कापून. लोक माझ्या शब्दावर खातात, आणि माझा शब्द तुझ्या कागदावर उभा आहे. तूच लिहिलंस ना, दोष अळंबीचा नव्हता? मग आता कशाला नाही म्हणतेस? एक कारण सांग, गुडघ्याव्यतिरिक्त.

तुझा
मामा


पादोव्हा, ५ सप्टेंबर १९९१

मामा,

नेरेओच्या बारमध्ये फोन केला होता. तू नव्हतास. नेरेओला म्हटलं, माझं पत्र वाचल्याशिवाय मामाने अंडं तोडायचं नाही, कोणी खायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी. तो म्हणाला, बरं, पण झालंय काय? चार माणसांत ते ओरडून सांगायचं माझ्याने झालं नाही. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, तो तुझ्या दारात आणून देईल.

मामीच्या नमुन्यात विष होतं.

जुलैमध्ये मी तो नव्या पेटीवर चालवला. टेकडी आली. लहान आहे, पण स्वच्छ आहे आणि ठरल्या वेळी आहे. पुन्हा चालवला. पुन्हा आली. शुद्ध विषाचा थेंब त्यात मिसळून पाहिला, तर तीच टेकडी उंच झाली. शंकेला जागा नाही. तुझ्या टोपलीतलं एक अंडं त्या दुसऱ्या, विषारी जातीचं होतं, जे कापल्यावर आत पांढरं निघतं. रविवारी त्यातलं एक जरी सणाच्या ताटात गेलं तर काय होईल ते तुला मी सांगायला नको.

हे लपवून मी दीड महिना तुला गुडघ्यांच्या गोष्टी सांगत बसले. पण तेवढंच नाही. गेल्या वर्षी मी तुला लिहिलं की रेघ सपाट होती. ती सपाट नव्हती. त्या जागी एक उंचवटा होता. आमची रेघ नेहमीच थोडी थरथरते. उंचवटा त्या थरथरीच्या तिप्पट असला तरच 'आढळले' लिहायचं असा नियम आहे. तो दुपटीहून जरा जास्त होता. नियमाने माझा कागद बरोबर होता. पण ती कोणी परकी बाई असती तर मी चकती घासली असती, नमुना आटवून घट्ट केला असता आणि पुन्हा घातला असता. नमुना उरला होता, वेळ होता. मी केलं नाही, कारण मला पाहायचंच नव्हतं. तू पाकिटाची वाट बघत बसला आहेस एवढंच डोळ्यांपुढे होतं. मग पत्रात मी 'सपाट' लिहिलं, ते कुठल्याच नियमात बसत नाही. ते निव्वळ खोटं होतं. तुला जेवता यावं म्हणून मी तुला खोटं सांगितलं, आणि तू ते गावभर वाचून दाखवलंस, आणि आता सगळं गाव माझ्या खोट्यावर जेवायला बसणार आहे.

रानात जाऊ नकोस. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण जाऊ नकोस.

लोरी


सेल्वारोसा, १० सप्टेंबर १९९१

प्रिय लोरी,

कोणी काही खाल्लं नाही. हे आधी वाच आणि मग बाकीचं.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचलं आणि तरी शनिवारी रानात गेलो. तोडायला नव्हे, कापायला. जूनपासून माझ्या मनात तेच होतं. सणाचं निमित्त झालं. अंडी कापून पाहायची होती आणि तुझ्या पोटात काय आहे तेही जरा पाहायचं होतं. यात मी तुला घाबरवलं, ते चांगलं केलं नाही. माफ कर.

माझ्या जागेवर बसलो आणि दिसेल ते अंडं तिथेच कापत गेलो, बापाने शिकवलेलं बाजूला ठेवून. बरीचशी पिवळी निघाली, अंड्याच्या बलकासारखी. मग एक पांढरं निघालं, किंचित हिरवट. मग आणखी एक. त्याच झाडाखाली, हाताच्या अंतरावर, बाहेरून हुबेहूब तशीच. नव्या डोळ्यांना तर काही शंकाच उरत नाही. मग मी एर्मेस पाद्रीबाबांचा पिवळ्या काचांचा गॉगल खिशातून काढला, तो ते मोटारसायकलवर घालतात, मुद्दाम मागून आणला होता. घालून पाहिलं. दोन्ही पिवळी.

आता तुला जे कधी सांगितलं नाही ते. वाढदिवसाच्या दिवशी चकत्या करताना एल्दा थांबली होती. म्हणाली, "ओरेस्ते, हे जरा फिकट नाही वाटत?" मी खुर्चीतून उठलो, वाकून पाहिलं आणि म्हणालो, "पिवळंधमक आहे. तुला आता चष्मा लागला, म्हातारे." ती हसली. म्हणाली, "तू म्हणतोस तर." आणि खाल्लं तिने. तिचे डोळे धड होते, लोरी. तिने माझ्या शब्दावर खाल्लं.

तुझा पहिला कागद आला तेव्हा तिचं ते वाक्य माझ्या कानात होतंच. म्हणून तुला विचारत होतो, आढळले नाही म्हणजे नव्हते का. तुझ्या यंत्राला जे थरथरीतून दिसत नव्हतं ते मला ऐकू येत होतं. पण तू 'सपाट' म्हणालीस आणि मला ते हवं होतं. मी घट्ट धरून ठेवलं. तुझं एकटीचं खोटं नव्हतं ते. मी माझा वाटा पुरेपूर खाल्ला.

तरी तुला सांगतो, कारण आता काही झाकायचं नाही. त्या पत्रामुळे पिएरिनाने वर्षभर मला सूप पाजलं. तिच्या बहिणीच्या मरणाला जो कारण, त्याला. ते मला सहन होत नाही, आणि यात तुझाही हात आहे. दया केलीस हे कळतं मला. पण पुन्हा माझ्यावर असली दया करू नकोस.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, लोक चौकात टेबलांवर बसले. मी एका पांढऱ्या बशीत दोन अर्धुकं ठेवून मध्ये गेलो. एक पिवळं, एक पांढरं. म्हटलं, यातलं हे पांढरं मी एल्दाला खायला घातलं. तिने विचारलं होतं, मी पिवळं आहे म्हणून सांगितलं. यापुढे बंद अंडं कोणीही आणलं तरी खाऊ नका, मी आणलं तर मुळीच नाही. सगळ्यांत आधी नेरेओने उठून माझ्या हातातली बशी घेतली. पाद्रीबाबा काहीतरी म्हणत होते, मला ऐकू आलं नाही. मी पिएरिनाकडे पाहत होतो.

ती रडली नाही की ओरडली नाही. टेबलापाशी बसल्या जागेवरून तिने एकच विचारलं. "उलट्या सुरू झाल्या त्याच सकाळी नेली असतीस तर?"

लोरी, त्या सकाळी मला कळलं होतं. रानात जाणाऱ्या माणसाला कळतं. खाल्ल्यावर लगेच उलटी झाली तर भीती नसते, एवढ्या उशिराने झाली तर असते. नेरेओची गाडी दारात उभी होती. पण डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं असतं? काय खाल्लं, कोणी आणलं? मग सगळीकडे झालं असतं, ओरेस्तेने बायकोला वाईट अळंबी घातली. साऱ्या टेकडीवर माझ्यासारखा जाणकार नाही असं लोक म्हणायचे. मी तिला कॅमोमाइलचा काढा दिला आणि म्हणालो, पोट बिघडलंय, होईल बरं. दुसऱ्या दिवशी तिने अंगण झाडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. डोळ्यांवरचा पडदा डॉक्टरांनी काढला, त्या पडद्याचं पाप माझ्यावर नाही. पण ही सकाळ मी धडधडीत पाहत होतो.

पिएरिनाला मी म्हणालो, मला माहीत नाही, लोरीला विचारून सांगतो. ती वाट पाहते आहे. मीही.

नेली असती तर वाचली असती का? 'सांगता येत नाही' असं लिहू नकोस. शास्त्र सांगू नकोस.

मामा


पादोव्हा, १२ सप्टेंबर १९९१

प्रिय मामा,

सरांना सगळं सांगितलं. नवा कागद सोबत आहे. त्यावर 'आढळले' लिहिलं आहे आणि सही माझीच आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच खात्रीने देऊ शकत नाही. पण तू मला त्याच्या आड लपू नकोस म्हणालास. म्हणून मी आमच्याकडच्या डॉक्टरांना मामीचे सगळे कागद दाखवले आणि तसंच विचारलं जसं तू विचारलंस.

हो, मामा. त्या सकाळी आणली असतीस तर मामी बहुधा वाचली असती.

पिएरिनामावशीला हे तू एकट्याने सांगू नकोस. मी शनिवारच्या पहिल्या बसने येते आहे, आपण दोघं तिच्याकडे जाऊ. तिने दार उघडलं नाही तर बाहेर बाकावर बसू.

लोरी